आवक-जावक

आढाव साहेब म्हणाले, स्मरणिकेसाठी
ठाणे शहराचा लष्करी आणि नागरी इतिहास
चार पानांत बसवा.
मधल्या पानावर जाहिरात आहे, तेवढं सोडून.

म्हणून रेकॉर्ड रूममध्ये उतरले.
ट्यूबलाइट दोनदा विचार करून लागली.
वाळवीनं बरंचसं आधीच वाचून टाकलं होतं.

लष्करी भाग लवकर आटपला.
पोर्तुगीजांचा कोट अर्धामुर्धा उभा होता,
तेवढ्यात मराठे आले.
मग टोपीकर आले.
आता त्या कोटात तुरुंग आहे:
बाहेरच्यांना अडवायला रचलेल्या भिंती
आतल्यांना अडवतात.
हे वाक्य साहेबांना आवडेल म्हणून लिहिलं.
मला नाही आवडलं.

नागरी भाग मात्र संपेना.
गटाराचा उतार खाडीकडे की तळ्याकडे, यावर सव्वीस पत्रं.
मीठ मोजायचा फरा जुना खरा की नवा.
मोकाट डुकरं. कोंडवाड्याची हरवलेली किल्ली.
चेंदणीच्या कोळणींनी बाजारपट्टी द्यायला नकार दिला,
कारकुनाचा समासात शेरा: फार बोलतात.

आणि तळाशी, दोऱ्यानं बांधलेली फाइल,
दिवाबत्ती, सन १९१९.
अर्जदार हायम हसाजी पेणकर, जमादार,
पलटणीचा आकडा पुसट.

"बसऱ्याहून परत आलो आहे.
टेंभी नाक्यामागं आमच्या गल्लीत दिवा नाही.
शब्बाथला आम्ही विस्तव पेटवत नाही, कंदील हाती धरत नाही.
प्रार्थनेहून परतताना वडील चरात पडले.
सरकारनं तिकडं वाळवंटात, जिथं पडायला चरही नव्हता,
रात्रभर बत्त्या लावल्या होत्या.
तरी एक दिवा मिळावा."

ओव्हरसियरनी पाहून कळवावे.
पाहिले. गल्ली अरुंद, खांब रोवल्यास बैलगाडी अडेल.
बैलगाडी कोणाची?
चौकशी चालू.

दीड वर्षानं दुसरा अर्ज, अक्षर तेच, जरा वाकडं.
"मजजवळ पदक आहे.
ते घ्यावे व खांबाची किंमत वळती करावी."
खाली जांभळ्या शाईत, सहीसकट:
पदक स्वीकारण्याची तरतूद नाही.

मी इथं चहा मागवला.
चहा आला, गार झाला.

दिवा मंजूर झाला बावीस साली.
अट एक: तेल महाग,
सबब चांदण्या रात्री लावू नये.

तिसऱ्या कागदावरचं अक्षर बाईचं,
रेघेखाली लोंबणारं, जसं दोरीवर धुणं.
"अर्जदार मयत. दिवा लागला, आभारी आहे.
चांदण्या रात्रीही लावावा ही विनंती.
चांदणं आमच्या गल्लीपर्यंत पोचत नाही.
शिऊली हायम पेणकर."
आवक नंबर आहे, तारीख आहे.
जावकचा रकाना कोरा.

चार पानं लिहून दिली.
साहेबांनी कोटाची तारीख तपासली,
गटारं काढली, कोळणी काढल्या,
दिवाबत्तीवर फुली मारताना म्हणाले,
"यात इतिहास कुठाय, बाई?"
मी म्हटलं, बरोबर आहे साहेब.

पाच वाजून गेल्यावर
जावक रजिस्टर ओढलं.
आजचा नंबर टाकला, तीनशे बारा.
विषय: दिवा.
संदर्भ: आपला अर्ज, सन १९२२.
उत्तर: मान्य.
प्रत माहितीसाठी, विद्युत विभाग.

नोकरीत एकोणतीस वर्षं झाली,
असा गाढवपणा पहिलाच.

सोमवारी विद्युतचा तुषार दारात उभा,
हातात माझी चिठ्ठी, खांद्यावर शिडी.
"मॅडम, ही पेणकरांची गल्ली आली कुठं?
नकाशात तिथं बिल्डिंगचं पार्किंग दाखवतंय."

चप्पल शोधत होते टेबलाखाली.
म्हटलं, थांब. शिडी खाली ठेवू नकोस.